उस्मानाबादची एचपीव्ही ट्रायल: जगाने टेस्ट बदलली, आपण अजून व्हिनेगरवरच

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीत दर दोन वर्षांची पॅप स्मिअर (पेशींची टेस्ट) बंद करून दर पाच वर्षांनी एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) सुरू केली, नेदरलँड्सनेही त्याच वर्षी टेस्ट बदलली, इंग्लंडने आधी टेस्ट बदलली आणि मग जुलै २०२५ पासून २५ ते ४९ वयाच्या बायकांना निगेटिव्ह आल्यावर तीनऐवजी पाच वर्षांनी बोलवायचं ठरवलं, आणि २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने तर सगळ्याच देशांना सांगून टाकलं की या कॅन्सरसाठी पहिली टेस्ट एचपीव्ही डीएनएचीच धरा. या सगळ्याच्या मागे जे पुरावे आहेत त्यातला एक फार मोठा पुरावा आपल्या मराठवाड्यातून गेलाय. उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव. तिथल्या सव्वा लाखाच्या वर बायकांवर ही ट्रायल झाली आणि त्याच जिल्ह्यात आज सरकारी स्क्रीनिंग कसं होतं विचाराल तर, जिथे होतं तिथे, व्हिनेगर लावून. हे असं का झालं ते नीट उलगडून बघण्यासारखं आहे, कारण "सरकारकडे पैसे नाहीत" एवढ्यावर विषय संपत नाही.

सुरुवात बार्शीपासून करायला लागेल. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण उस्मानाबाद-बीडकडचा कॅन्सरचा पेशंट तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात येतो. १९८७ मध्ये इथे टाटा मेमोरियलच्या मदतीने ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कोणाला कॅन्सर झाला आणि कोण गेलं याची नोंद, सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके धरून, आणि देशातली ही अशी पहिली ग्रामीण रजिस्ट्री. डॉ. भगवान नेने आणि कस्तुरी जयंत ही यातली मुख्य नावं. शहरात रजिस्ट्री चालवायची म्हणजे हॉस्पिटलांच्या फाइली चाळायच्या, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट गोळा करायचे. इथे ते चालणारच नव्हतं कारण बाई हॉस्पिटलात पोचायचीच नाही, अंगावरून जातंय म्हणून गावातल्या डॉक्टरकडून गोळ्या घ्यायची आणि घरीच जायची. मग रजिस्ट्रीची माणसं गावोगाव फिरून विचारायला लागली की कोणाला असं असं होतंय का, कोण गेलं, कशाने गेलं, आणि फिरता फिरता लक्षणंही सांगायला लागली, संशय आला तर बार्शीला घेऊन यायला लागली. नुसत्या या फिरण्याने काही वर्षांत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडायचं प्रमाण वाढलं. टेस्ट नाही, मशीन नाही, फक्त माणसं फिरत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर अशी मरणं मोजणारी यंत्रणा तयार होती म्हणून १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये मोठा प्रश्न हातात घेता आला. प्रश्न साधा होता, की बाईला आयुष्यात एकदाच तपासायचं असेल तर कुठल्या टेस्टने तपासावं. फ्रान्समधल्या लिऑनची आयएआरसी ही कॅन्सर संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं हॉस्पिटल असे तिघं मिळून, पैसा गेट्स फाउंडेशनचा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते गट चार भागात वाटले. एका भागात एचपीव्ही टेस्ट, एका भागात पॅप स्मिअर, एका भागात व्हीआयए म्हणजे व्हिनेगरची टेस्ट, आणि चौथ्या भागात स्क्रीनिंग नाही, जे नेहमी मिळतं तेच. चौथ्या भागाबद्दल पुढे बोलूच.

ज्यांना या टेस्ट माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हीआयएमध्ये नर्स स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) घालून पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्क्यांचं अॅसिटिक अॅसिड लावते, एक मिनिट थांबते आणि चांगल्या उजेडात बघते की कुठे दाट पांढरा डाग उठलाय का, उत्तर तिथल्या तिथे. पॅपमध्ये पेशी काचेवर घेऊन लॅबला पाठवायच्या आणि तिथे कोणीतरी मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून बघायचं. एचपीव्ही टेस्टमध्ये ब्रशने सँपल घ्यायचं आणि मशीन सांगतं की कॅन्सर करणाऱ्या जातीचा विषाणू आहे की नाही, डोळ्याचा अंदाज नाहीच. त्या वेळी जी एचपीव्ही टेस्ट वापरली ती हायब्रिड कॅप्चर नावाची, नव्वदेक सँपल एका प्लेटवर एकत्र लावायची, म्हणजे गावात घेतलेलं सँपल बार्शीच्या लॅबला जाणार, रिपोर्ट नंतर, आणि पॉझिटिव्ह आली तर बाईला परत बोलवायचं.

बोलावलेल्या बायकांपैकी जवळजवळ ८० टक्के तपासणीला आल्या. ग्रामीण मराठवाड्यात, १९९९-२००० च्या सुमारास, आतली तपासणी करून घ्यायला, स्वतःला काही त्रास नसताना. हा आकडा मला आजही पचायला जड जातो. एचपीव्ही पॉझिटिव्ह सुमारे १० टक्के, पॅप ७ टक्के, व्हीआयए १४ टक्के.

२००५ मध्ये पहिले आकडे छापून आले तेव्हा एचपीव्ही टेस्ट काही फार उठून दिसली नाही, हे आता कोणी फारसं सांगत नाही. कॅन्सरच्या आधीची गंभीर अवस्था किती बायकांमध्ये सापडली हे मोजलं तर तिन्ही टेस्ट एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत होत्या, पॅप तर एचपीव्हीपेक्षा तसूभर पुढेच. त्या वेळी हातात एवढंच असतं तर कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता की बाबा रे, व्हिनेगर स्वस्त आहे, निकाल लगेच मिळतो, कशाला लॅब आणि मशीन. आणि तसं म्हटलंही गेलं. पण ट्रायल थांबली नव्हती, रजिस्ट्रीवाले आणखी मोजत होते.

एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आठ वर्षांचा हिशोब आला, पहिलं नाव आयएआरसीच्या डॉ. रेंगस्वामी शंकरनारायणन यांचं. स्क्रीनिंग नसलेल्या भागात ३१,४८८ बायकांमध्ये ६४ मृत्यू. एचपीव्हीच्या भागात ३४,१२६ बायकांमध्ये ३४. जवळपास निम्मे. पॅपच्या भागात ५४, व्हीआयएच्या भागात ५६, म्हणजे थोडे कमी दिसतात पण गणिताने बघितलं तर तो फरक खरा आहे असं म्हणता येत नाही. पसरलेल्या स्टेजचे कॅन्सर बघा, स्क्रीनिंग नसताना ८२, एचपीव्हीमध्ये ३९, पॅपमध्ये ५८, व्हीआयएमध्ये ८६. व्हिनेगरच्या भागात पसरलेले कॅन्सर स्क्रीनिंग नसलेल्या भागाइतकेच राहिले!

एक गंमत सांगतो (गंमत म्हणायची का माहीत नाही). एकूण कॅन्सर मोजले तर एचपीव्हीच्या भागात १२७ आणि स्क्रीनिंग नसलेल्या भागात ११८. कोणी फक्त हा एक आकडा उचलून व्हॉट्सअॅपवर टाकला तर वाटेल टेस्टमुळे कॅन्सर वाढला. झालं एवढंच की शोधल्यामुळे लवकरचे सापडले, जे दुसरीकडे अजून सापडायचे होते. स्क्रीनिंगचा कार्यक्रम "किती केसेस शोधल्या" यावर मोजू नये असं जे म्हणतात ते यासाठीच, पण आपल्याकडच्या आढावा बैठकीत नेमका तोच कॉलम आधी विचारला जातो.

मग २००५ ला सारख्या दिसणाऱ्या टेस्टमध्ये २००९ ला एवढा फरक का? अभ्यासकांचं म्हणणं असं की एचपीव्ही टेस्ट ज्या बायकांना पकडते त्यांच्यातल्या जखमा (कॅन्सरच्या आधीचे बदल) पुढे खरोखर कॅन्सर होणाऱ्यातल्या जास्त असतात, आणि दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची, निगेटिव्ह आलेल्या बाईचं काय. एचपीव्ही निगेटिव्ह बायकांमध्ये आठ वर्षांत या कॅन्सरने एकही मृत्यू नाही. पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये नंतर कॅन्सर निघायचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्हच्या चौपटीहून जास्त. म्हणजे "काही नाही, घरी जा" हे ज्या टेस्टच्या भरवशावर म्हणता येतं ती एकच निघाली. ज्या देशात बाई परत कधी तपासायला येईल याची काहीच खात्री नाही तिथे हाच गुण सगळ्यात मोलाचा, आणि वर जे देशोदेशी अंतर दोन-तीनाचं पाच वर्षं झालं ते याच भरवशावर.

इथे व्हीआयएवर अन्याय नको. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यात एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्के कमी झाले होते, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या टीमने दहावी झालेल्या स्थानिक बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी व्हीआयए केलं, १२ वर्षांनी मृत्यू ३१ टक्के कमी. म्हणजे व्हीआयए चालतं, पण बघणारा डोळा तयार असेल, त्याच्यावर कोणी लक्ष ठेवत असेल आणि फेऱ्या पुन्हापुन्हा होणार असतील तर. हाताखाली मापाचं भांडं असणं आणि अंदाजाने मीठ टाकणं, एवढा फरक. अंदाजाने टाकणारी सुगरण असेल तर भाजी उत्तमच होते, पण राज्याच्या दहा हजारांवर उपकेंद्रांत सुगरणी कुठून आणणार.

आता तो चौथा भाग. ३१,४८८ बायका ज्यांना तपासलं नाही आणि त्यातल्या ६४ गेल्या. एरिक सुबा नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने वर्षानुवर्षं हा प्रश्न लावून धरला, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये यावर चांगलीच जुंपली. उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडीगुल अशा तिन्ही ट्रायलमधल्या न तपासलेल्या बायका धरल्या तर मृत्यू अडीचशेच्या वर. पॅप स्मिअर उपयोगी आहे हे जगाला कित्येक दशकं माहीत असताना एका गटाला काहीच न देता मरणं मोजायची हे कसं चालतं, हा आक्षेप. करणाऱ्यांचं उत्तर असं की भारतातल्या खेड्यात "नेहमीची सेवा" म्हणजे स्क्रीनिंग नाहीच, त्या बायकांना माहिती दिली होती, तपासणी कुठे होते हे सांगितलं होतं, आणि तुलना केली नसती तर सरकारला पटवायला काहीच नसतं. मुंबईच्या ट्रायलमध्ये बायकांची संमती घेताना पुरेशी माहिती दिली नव्हती असं अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयानेही म्हटलं होतं.

माझं मत विचाराल तर तुलनेशिवाय व्हीआयए उस्मानाबादेत कमी पडलं हे कधीच कळलं नसतं, हे खरं. पण त्या तुलनेचं समर्थन "सरकारला पटवायला पुरावा हवा" या वाक्यावर उभं आहे, आणि पुरावा २००९ ला आला. त्यानंतर जी वर्षं गेली त्यांचा हिशोब त्या ट्रायल करणाऱ्यांकडे मागण्यात अर्थ नाही, तो आपल्या आरोग्य खात्यांकडेच मागायला हवा.

कारण पुढे काय झालं बघा. २०१६ मध्ये केंद्राने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशा तीन कॅन्सरच्या स्क्रीनिंगचा आराखडा काढला, ३० ते ६५ वयासाठी, दर पाच वर्षांनी, आणि गर्भाशयमुखासाठी टेस्ट ठरवली व्हीआयए. आता व्हीआयएची एक अडचण गायनॅकवाल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, पाळी गेल्यावर पिशवीच्या तोंडाचा जो भाग बघायचा असतो तो आत नळीत सरकतो, व्हिनेगर लावून बाहेरून काही दिसतच नाही. आपल्याकडे पाळी जाते पंचेचाळीस-पन्नासच्या आत. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या बाईला व्हीआयए करून "निगेटिव्ह" लिहिणं म्हणजे दार बंद असताना घरात कोणी नाही असं लिहून निघून येण्यासारखं, आणि त्या कागदावर विसंबून ती पुढची पाच वर्षं निर्धास्त राहणार. आराखड्यात ही वयं का ठेवली हे मला कधीच कळलेलं नाही.

आणि हे तरी होतंय का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी झालीय का, देशभरात हो म्हणणाऱ्या १.९ टक्के. डब्ल्यूएचओचं २०३० चं टार्गेट ७० टक्के आहे, तेही चांगल्या टेस्टने, पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा. आशाताई घरोघर जाऊन सीबॅक फॉर्म भरतात, वय, तंबाखू, कंबरेचं माप, घरात कोणाला शुगर-बीपी वगैरे, आणि फॉर्म पोर्टलवर चढला की गावाचा आकडा छान दिसायला लागतो. पण फॉर्म भरणं म्हणजे स्पेक्युलम घालणं नव्हे. उपकेंद्रात आडोसा नाही, टेबल मोडकं, लाइट गेलेली, सिस्टरच्या मागे लसीकरण आणि डिलिव्हरी, ती कधी करणार व्हीआयए.

मग बाईने स्वतःच सँपल घेतलं तर? हा खरा बदल आहे आणि ट्रायलच्या वेळी हा पर्याय हातात नव्हता. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून सगळ्याच बायकांना ही मुभा दिलीय, अमेरिकेतही २०२४ मध्ये दवाखान्यात बसून स्वतः सँपल घ्यायला मान्यता मिळाली. लांब काडीचा मऊ ब्रश, बाई बाथरूममध्ये जाते, आत घालून फिरवते, बाटलीत टाकून आणून देते. टेबल नको, स्पेक्युलम नको, परक्यापुढे लुगडं वर करणं नको. मशीनचंही सोपं झालंय, एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने दोन देशी एचपीव्ही टेस्ट तपासून जाहीर केल्या, एक गोव्याच्या मोलबायोची ट्रूनॅटवर चालणारी आणि दुसरी पुण्याच्या मायलॅबची. ट्रूनॅट म्हणजे तेच मशीन जे टीबीसाठी कित्येक ग्रामीण रुग्णालयांत आधीच ठेवलेलं आहे, बॅटरीवर चालतं, एक चिप एक पेशंट, प्लेट भरायची वाट बघायला नको. म्हणजे बार्शीला सँपल पाठवून थांबायचा जो वेळ होता तो तालुक्याच्या गावी काही तासांवर आला.

पण माझी भीती इथून पुढे सुरू होते. टेस्ट केली, शंभरात दहा बायका पॉझिटिव्ह आल्या. आता त्यांचं काय? उस्मानाबादेत पॉझिटिव्ह आलेल्या दहातल्या जवळपास नऊ जणी कोल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीला पोचल्या, रिपोर्ट नंतर येत असूनही, आणि त्या काही आपोआप नाही पोचल्या. वर म्हटलं ना की त्या भागात आधीची बारा वर्षं रजिस्ट्रीची माणसं फिरत होती, ती घरं ओळखत होती, नावानिशी जाऊन बोलावत होती. निम्म्या झालेल्या मृत्यूंमध्ये हायब्रिड कॅप्चरच्या किटचा वाटा किती आणि त्या परत दार ठोठावणाऱ्यांचा किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. किट घेतलं आणि फिरणारी माणसं नाही घेतली तर उस्मानाबादचा निकाल मिळेल असं समजू नये.

आणि मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे जी परदेशी गाइडलाइनमध्ये सापडणार नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली, कित्येकींची चाळिशीच्या आत. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला सांगितलं जायचं की पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. आता या बाईच्या हातात आपण कागद देणार ज्यावर लिहिलंय एचपीव्ही पॉझिटिव्ह. खरं तर बहुतेक एचपीव्ही शरीर एक-दोन वर्षांत स्वतःच घालवून टाकतं, पॉझिटिव्हपैकी फार थोड्या जणींना गंभीर जखम असते आणि तिलाही पिशवी काढायची अजिबात गरज नसते, थर्मल अॅब्लेशनच्या हातातल्या मशीनने तेवढाच भाग मिनिटभरात भाजून काढता येतो, भूलही लागत नाही. पण हे तिला कोण सांगणार आणि त्या आधी ती कुठे पोचणार? सरकारी तारीख पंधरा दिवसांनी असेल आणि कोपऱ्यावरचा खाजगी दवाखाना उद्या सकाळी ऑपरेशनला तयार असेल तर ती कुठे जाईल हे सांगायला ट्रायल करायला नको. त्यातून नवरा विचारणार हा विषाणू आला कुठून, हे घरातलं भांडण वेगळंच.

म्हणून मला विचाराल तर जिल्ह्यात एचपीव्ही सुरू करताना आधी उलट्या टोकाकडून मांडणी करावी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात थर्मल मशीन आणि ते चालवणारी शिकलेली डॉक्टर किंवा सिस्टर, आठवड्यातला एक वार फक्त या कामाचा, आणि त्या एका दिवसात किती बायका बघून होतात तेवढ्याच पॉझिटिव्ह निघतील इतकी सँपलं आदल्या आठवड्यात घ्यायची. दिवसाला वीस बघून होत असतील तर सँपलं दोनशे, त्याच्या वर एकही नाही, मग टार्गेट काहीही असो. व्हीआयएही फेकून द्यायचं नाही, पॉझिटिव्ह आलेल्या बाईला तिथल्या तिथे मशीनने भाजता येईल की पुढे बार्शीला पाठवायचं हे बघायला तेच व्हिनेगर कामाला येतं, आणि दहातल्या एकीलाच बघायचं असल्यामुळे तिथे तयार डोळा नेमता येतो. ऊसतोडीला गेलेल्यांसाठी दिवाळीनंतर कॅम्प लावून उपयोग नाही, गाव रिकामं असतं, चैत्रात माणसं परत आली की लावायचा, कारण पॉझिटिव्ह आल्यावर ती त्याच गावात सापडली पाहिजे.

आणि आशाताईला सँपलचे जेवढे पैसे देणार त्याहून जास्त, पॉझिटिव्ह बाईला उपचारापर्यंत नेऊन सोडल्याचे द्या. टेंडर निघतं किटचं. या फेरीचे पैसे आत्तापर्यंतच्या कुठल्याही हेडखाली मला दिसलेले नाहीत.